शेवंती नाखवाची चूक

शेवंती नाखवाबद्दल आमच्या कंपनीत दोन मतं होती. काही म्हणायचे, इतकी सरळ बाई पाहिली नाही. काही म्हणायचे, इतकी मूर्ख बाई पाहिली नाही. मी तिच्याबरोबर नऊ वर्षं काढली आणि मला दोन्ही मतं पटत नाहीत. सरळ असती तर ती तीन वर्षं गप्प बसली नसती. आणि मूर्ख म्हणणाऱ्यांना मी विचारायची, तुम्ही तुमच्या साहेबाला त्याच्या तोंडावर काय बोललात ते सांगा की जरा. मग त्यांना एकदम घाईची कामं आठवायची.

मी सरोज पगारे. राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, टाइम ऑफिसात टायपिस्ट. आमची कंपनी ग्लुकोजची पूड पाकिटांत भरून विकायची. तिचं नाव सांगत नाही, ती केव्हाच बंद पडली. शेवंती खाली पॅकिंग खात्यात. चेंदणी कोळीवाड्यातली, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिचा नवरा दामाजी खाडीत होडी घालायचा, पण खाडीच्या पाण्याला रॉकेलचा वास यायला लागला तशी मासळी गेली आणि घर शेवंतीच्या नोकरीवर आलं. नोकरी तरी कसली, टेंपररी. सात महिने भरले की ब्रेक. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवीन माणूस म्हणून भरती. सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करावं लागेल ना, म्हणून ही युक्ती. ब्रेकची पत्रं मीच टाइप करायची. आपल्याच मैत्रिणींना घरी बसवायची पत्रं टाइप करताना काय वाटतं ते कुणी मला मुलाखतीत विचारलं नाही, नाहीतर मीही सांगितलं असतं.

चौऱ्याण्णव साली साहेब लोकांच्या तोंडी एकच शब्द आला, आयएसओ, म्हणजे मालाच्या दर्जाचं सर्टिफिकेट. भिंती रंगल्या. पाण्याच्या पिंपावर ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी लागली, जसं काही आम्ही इतकी वर्षं ते रॉकेल समजून पीत होतो. आणि मार्चमध्ये एक नोटीस लागली. टेंपररी बायकांमधून तीन जणींना क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून कायम करणार. बाकीचं पॅकिंग जूनपासून कंत्राटदाराकडे जाणार. म्हणजे तीन जणी आत आणि उरलेल्या अडतीस जणी रस्त्यावर. निवड मुंबईहून येणारी एक सल्लागार बाई करणार. खाली लिहिलं होतं, ‘उमेदवारांनी आपल्या कामात प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगण्याची तयारी ठेवावी. उदाहरणार्थ, भांडण मिटवल्याचा, अडचणीतून मार्ग काढल्याचा, आणि स्वतःच्या चुकीचा.’

त्या शेवटच्या शब्दाने कँटीनमध्ये गोंधळ उडाला. इतकी वर्षं मुलाखत म्हणजे नाव काय, शिक्षण किती, नवरा काय करतो, मुलं लहान आहेत का, एवढंच होतं. आता चूक सांगायची, आणि तीही आपणहून?

“हा सापळा आहे,” पॅकिंगमधली केशरबाई म्हणाली. “आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मग त्याच्यावरच काढून टाकायचं.”

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्या कंपनीत चूक कबूल करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

नौपाड्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत हरिहर आगाशे नावाचे गृहस्थ मुलाखतीची तयारी करून घेत. एका मोठ्या कंपनीत तीस वर्षं पर्सोनेल ऑफिसर होते, निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत फळा टांगून वर्ग चालवायचे. आमच्या पाच-सहा जणी तिकडे निघाल्या. शेवंती मला म्हणाली, “तू पण चल गो. ते काय बोलतील ते तू नीट ऐक, मना त्यांची भाषा ऐकली की झोप येते.”

आगाशेसरांनी आम्हाला पाणी दिलं, नावं विचारली. माझं आडनाव ऐकल्यावर थोडं थांबून म्हणाले, “गाव कुठलं आपलं?” हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आलेय आणि त्यात गावाबद्दल काही विचारलेलं नसतं हे मला माहीत आहे. मी म्हटलं, “डोंबिवली.” ते फळ्याकडे वळले.

त्यांची पद्धत मात्र चांगली होती, हे मान्य करायला हवं. त्यांनी फळ्यावर चार पुडांचा जेवणाचा डबा काढला. “प्रसंग असा डब्यात भरून न्यायचा,” ते म्हणाले. “पहिल्या पुडात परिस्थिती. दुसऱ्यात तुमची जबाबदारी. तिसऱ्यात तुम्ही नेमकं काय केलंत. आणि चौथ्यात त्याचं फळ. एक पूड रिकामा राहिला तर समोरच्याचं पोट भरत नाही.” बायकांना हे लगेच कळलं. पण कुणाला प्रसंगच आठवेना, तेव्हा सरांनी स्वतःकडचे तयार प्रसंग काढले. केशरबाईला मिळालं भांडण. पंख्याखाली कोण बसणार यावरून दोघींचं वाजतं, केशरबाई दोघींना चहा पाजते, आळीपाळीने बसायचं ठरतं, उत्पादन वाढतं. दुसऱ्या दिवशी आलेल्या दुसऱ्या कंपनीच्या बायकांनाही तेच भांडण मिळालं. त्या महिन्यात वागळे इस्टेटमध्ये किमान वीस बायकांनी पंख्याचं भांडण चहा पाजून मिटवलं असणार.

शेवंतीच्या वाट्याला चूक आली.

“चूक अशी सांगावी की ऐकणाऱ्याला ती गुण वाटली पाहिजे,” सर म्हणाले. “तुम्ही सांगा, मी कामात इतकी गुंतते की जेवणाचं भान राहत नाही.”

“मी जेवायचं कधीच विसरले नाय,” शेवंती म्हणाली. “एक वाजला की माझा हात डब्यावर.”

“अहो, सांगायचं असतं तसं.”

“मग ती चूक कुठं झाली? ती तर स्वतःचीच आरती.”

बायका हसल्या. सरांचे कान लाल झाले. “बरं, मग तुमची खरी चूक कोणती ते सांगा.”

मला वाटलं आता ती काहीतरी झणझणीत बोलणार. पण तिचा चेहरा एकदम उतरला. “हाय एक,” ती म्हणाली. “इथं नाय सांगायची.”

तिथून आम्ही तलावपाळीला आलो. मी भेळ घेऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणाली, तेव्हाच मी समजले की प्रकरण गंभीर आहे. बाकावर बसून तिने जे सांगितलं ते असं.

ती पॅकिंगच्या टोकाला चेकर होती. चोवीस पाकिटांचा एक खोका भरला की त्यातली तीन-चार पाकिटं काढायची, दोन तळव्यांत दाबायची, हवा सुटते का बघायचं. सुटली तर खोका परत, नाहीतर शिक्का. पाकिटांची तोंडं चिकटवायला बायका बसायच्या. पायाने मशीन दाबायचं, गरम पट्टी खाली येते, तोंड चिकटतं. शेवंतीच्या लाइनला हे काम गंगुबाई करायची. पन्नाशीची, साताऱ्याकडची, कामात एकदम चोख.

शेवंती लहानपणापासून आईबरोबर बाजारात बसलेली. मासळी बाजारात सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, भाव तुटला तरी चालेल. परत पाठवलं तर दिवस वाया जातो. हे तिच्या हाडात इतकं मुरलेलं की कंपनीत चेकर झाल्यावर सकाळचा पहिला खोका तिने कधी परत पाठवला नाही. दाबून बघायची सुद्धा नाही. नमस्कार करायची आणि शिक्का मारायची. आपण काही चुकीचं करतोय हे तिच्या मनातही आलं नाही.

एक्याण्णव साली एका व्यापाऱ्याकडून अकरा खोके परत आले. पाकिटांना हवा लागून पूड दगड झालेली. अकराच्या अकरा खोक्यांवर एकच नंबर होता, एक. सकाळचा पहिला खोका. खात्याचे सुपरवायझर चौबळ यांनी रजिस्टर उघडलं, पाकिटं चिकटवायला कोण होतं ते पाहिलं आणि गंगुबाईला ब्रेक दिला. पुन्हा बोलावलंच नाही. पत्रात कारण लिहिलं, ‘कामातील निष्काळजीपणा’. ते पत्र घेऊन ती इस्टेटमध्ये दुसरीकडे कुठे जाणार होती?

“खोक्यांवरचा एक नंबर बघितला आणि मना कळलं, हे माझंच काम,” शेवंती म्हणाली. “अकरा दिवस मी कुणाला बोलले नाय. बाराव्या दिवशी चौबळसाहेबांकडे गेले, बोलले, साहेब, गंगुबाईचा हात चुकला नाय, मी तपासलंच नाय. ते बोलले, रिपोर्ट वर गेलाय. आता तोंड उघडलंस तर तुझं पण पत्र काढतो. जा, कामाला लाग.”

“आणि तू गेलीस.”

“गेले. पोटासाठी गेले.” ती तलावाकडे बघत होती. “किसन नगरला राहते ती. मी तिकडून जायचं टाळते.”

‘निष्काळजीपणा’ हा शब्द माझ्याच बोटांनी टाइप झाला होता. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की मी शहाणपणा शिकवते, तसा तिला शिकवला. “हे मुलाखतीत सांगू नकोस. चौबळ आता मॅनेजरच्या खालोखाल आहे, तो समोरच बसणार. तुला कायम व्हायचंय की नाही?”

“व्हायचंय. म्हणून तर झोप नाय.”

“मग जेवायचं विसरते म्हण आणि मोकळी हो.”

“विचारलं तरच सांगेन,” ती म्हणाली. “पण विचारलं तर दुसरं काय सांगणार नाय. मना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय.”

दुसऱ्या रविवारी मी तिच्या घरी तयारी करून घ्यायला गेले. तिची आई आवडाबाई दोन घरं पलीकडे राहायची, ती पण येऊन बसली होती, सुपात सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, निवडत. मी सल्लागार बाई झाले. उशी मांडीवर घेतली, त्यावर वही. शेवंतीने चारही पूड भरायला सुरुवात केली. भवानीचं आलं तशी आवडाबाईने सूप खाली ठेवलं.

“माझ्यावर ढकलतंस?”

“नाय गो आये, तू शिकवलंस म्हणून बोलते.”

“मी शिकवलं? पयलं गिऱ्हाईक परतवाचं नाय, ह्या शिकवलं. पयल्या गिऱ्हाइकाला खराब म्हावरा देवाचा, ह्या कवा शिकवलं? मी भवानीला टोपलीतला सगल्यात चांगला म्हावरा देतंय. तू अर्धाच शिकलंस आनि माझा नाव घेतंस!”

आवडाबाईने सूप उचललं आणि सोडे निवडता निवडता लेकीला आणखी बरंच ऐकवलं, त्यात माझाही उद्धार झाला, कारण उशी मांडीवर घेऊन बसलेली साहेबीण तिला आवडली नव्हती. पण शेवंती ऐकतच नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. चौथा पूड, मला म्हणाली. चौथा पूड सापडला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती एकटीनेच आगाशेसरांना सगळं सांगून यायचं म्हणत होती, मी मागे लागून बरोबर गेले. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर चष्मा काढला.

“प्रसंग उत्तम आहे,” ते म्हणाले. “मी शिकवतो त्या सगळ्यांपेक्षा उत्तम. फक्त अकरा दिवसांपाशी थांबा. पुढे साहेबांकडे गेलात ते गाळा.”

“का?”

“बाई, मी तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो. साहेबाचं नाव घेणारा उमेदवार आम्ही एकदाही घेतला नाही.”

“खोटं बोलायचा म्हणून?”

“खरं बोलायचा म्हणून. आज त्याचं नाव घेतलं, उद्या आमचं घेईल.” हे सांगताना त्यांना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. मला ते त्या क्षणी थोडे आवडले.

“मग सर,” शेवंती उठत म्हणाली, “तुमच्या डब्याचा तिसरा पूड मी रिकामा नेऊ का? मी काय केलं ते त्याच्यातच हाय.”

सर दारापर्यंत आले. म्हणाले, “सावकाश बोला. चिडू नका.” एवढंच.

मुलाखती मॅनेजरच्या केबिनमध्ये होत्या. मॅनेजर, चौबळ आणि सल्लागार बाई, केस कापलेली, कॉटनची साडी, पन्नाशीच्या आतली. कोपऱ्यात टंकलेखिका म्हणून मी. बाईंनी मला सकाळीच बजावलं होतं, “उत्तरं शब्दाला शब्द लिहा. स्वतःच्या भाषेत नीटनेटकी करू नका. मला ती हेड ऑफिसला द्यायची आहेत.” मला मराठी लघुलेखन येत होतं. दुपारपर्यंत पंख्याचं भांडण चार वेळा मिटलं. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, “चहा कुठल्या कपातून दिलात?” तर ती बिचारी रडायलाच लागली.

मग शेवंती आली. भांडणाचा प्रश्न झाला, अडचणीचा झाला, तिने ठीकठाक उत्तरं दिली. चौबळ खुशीत मान हलवत होते, ही आपली जुनी चेकर म्हणून.

“आता एखाद्या वेळी तुमची चूक झाली असेल, तर त्याबद्दल सांगा,” बाई म्हणाल्या.

“सांगते. पण पूर्ण सांगते, मध्ये थांबवायचं नाय.”

आणि तिने सांगितलं. भवानी, न तपासता मारलेले शिक्के, अकरा खोके. गंगुबाईचं नाव आलं तशी चौबळांची मान हलायची थांबली.

“मॅडम, हे विषय सोडून चाललंय,” ते म्हणाले.

“विषय मीच दिलाय,” बाई म्हणाल्या. “मग तुम्ही काय केलंत?”

“अकरा दिवस काय नाय केलं. घाबरले. ती पण चूकच, पहिलीपेक्षा मोठी. बाराव्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं.”

“कुठल्या साहेबांना?”

मी मान खाली घातली. आगाशेसरांचा सल्ला, माझा सल्ला, अडतीस जणींतली एक होण्याची भीती, सगळं त्या केबिनमध्ये होतं. शेवंतीने फार वेळ घेतला नाही.

“हे काय, चौबळसाहेबांना. तुमच्या शेजारीच बसलेत. ते बोलले, तोंड उघडलंस तर तुझं पण पत्र काढतो.”

“साफ खोटं!” चौबळ खुर्चीतून अर्धे उठले. “काही पुरावा नाही, काही नाही. पगारे, हे लिहू नका.”

माझी नोकरी कायमची होती, पण साहेबाच्या मर्जीवरच होती. दोन मुली, नवऱ्याची बदली नाशिकला. पण खरं सांगते, तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या ‘पगारे’चा. तोंड वर करून, जसा दिवा बंद करायला सांगावा तसा.

“मॅडमनी शब्दाला शब्द लिहायला सांगितलंय, साहेब,” मी म्हटलं. आणि ‘पगारे, हे लिहू नका’ हेसुद्धा लिहिलं.

सल्लागार बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शेवंतीकडे वळल्या. “यातून तुम्ही काय शिकलात?”

“पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाय, पण त्याला सगळ्यात चांगला माल द्यायचा. हे माझ्या आईने गेल्या रविवारी शिकवलं, मी अर्धंच शिकले होते. पण खोका तर मी तेव्हापासूनच सगळा उघडते. चोवीसच्या चोवीस पाकिटं. रोज दोन-तीन फुटकी निघायची. सकाळी पट्टी तापलेली नसते आणि आकडा भरायचा म्हणून मशीन सुरू करायला लावतात, म्हणून. गंगुबाईचा हात चुकला नव्हता, पट्टी थंड होती. मी साहेबांना बोलले, पंधरा मिनिटं आधी तापवत जा. गेल्या वर्षीपासून तापवतात. एक पण खोका परत आला नाय. त्याच्यासाठी बक्षीस पण मिळालं.”

“तुम्हाला?”

“नाय. साहेबांना.”

मॅनेजर छताकडे बघायला लागले. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी यादी माझ्याकडे टाइप करायला आली. तीन नावं. शेवंतीचं नव्हतं. सोबतच्या गुणपत्रकात सल्लागार बाईंनी तिला सगळ्यात जास्त गुण दिले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यावर मॅनेजरने पेन्सिलीने आडवी रेघ मारून लिहिलं होतं, ‘स्वभाव अनुकूल नाही’. केशरबाई निवडली गेली, आणि मला तिचा राग नाही, तिलाही घर होतं. पण ती यादी मी रागाने टाइप केली.

शेवंतीने नोटीसबोर्डापाशी उभं राहून यादी दोनदा वाचली. एप्रन काढला, घडी केली आणि टाइम ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरलेले होते आणि मला ते दिसू नयेत म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती.

“मी तर नुसती बोलले. तू लिहिलंस. तो कागद कुठाय?”

“हेड ऑफिसला गेला.”

“सगळा?”

कार्बन कॉपी माझ्या डब्याच्या पिशवीत होती. मुलाखतीच्या दिवशीच, उत्तरं टाइप करताना, मी ती घेतली होती. चोरी म्हणायची तर म्हणा. मी अजून ती कशासाठी घेतली हे ठरवलं नव्हतं, शेवंतीने ठरवून टाकलं. “चल,” ती म्हणाली.

किसन नगर कंपनीच्या फाटकापासून पायी दहा मिनिटं. गंगुबाई चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला राहायची. पाच वाजले होते. दार उघडून तिने आम्हाला ओळखलं, चहा टाकते म्हणाली. स्टोव्ह पेटवला, चहा झाला, स्टोव्ह विझवला. मग कप देता देता पुन्हा मागे गेली, स्टोव्हला हात लावून बघितलं. आम्ही दोन घोट घेतो न घेतो तोवर तिसऱ्यांदा उठली.

“इझलाय,” शेवंती म्हणाली.

“व्हय, पन बगावं लागतं,” गंगुबाई म्हणाली. “माजा हात न्हाई ऱ्हायला. कंपनीतच कळलं न्हवं का. म्हून मशीनचं काम सोडलं, चार घरची भांडी करते. भांड्यात काय चुकायचं?”

शेवंतीने कप खाली ठेवला. मला वाटलं होतं मी वाचून दाखवीन. पण ती कागदाची वाट न बघता बोलायलाच लागली, डबा नाही, पूड नाही, उलटसुलट, आधी थंड पट्टी, मग शिक्के, मग ते अकरा दिवस, मग चौबळ. गंगुबाई ऐकताना एकदाही स्टोव्हकडे वळली नाही. शेवटी तिने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि उलटे-पालटे करून पाहिले.

“म्हंजे माजा हात चुकला नव्हता.”

“नाय.”

“तीन वर्सं मला वाटतंय, मीच.” मग तिचा आवाज चढला. “तीन वर्सं! फाटकापासनं हितवर धा मिनिटं लागत न्हाईत, शेवंते! सायबाम्होरं बोललीस, मोटी मर्दुमकी केलीस. आन माज्याम्होरं यायला तुला मुलाकत लागली?”

चौबळासमोर ताठ बसलेली शेवंती त्या खोलीत मान वर करू शकत नव्हती. मी पत्र टाइप केलं होतं हे मी तेव्हाच सांगून टाकलं, कारण आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही हे मला कळत होतं. गंगुबाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते अजून माझ्या लक्षात आहे.

मग ती उठली, दार सताड उघडलं आणि गॅलरीतल्या बायकांना हाका मारायला लागली. पाणी भरणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, सगळ्या गोळा झाल्या. याच बायकांसमोर ती तीन वर्षांपूर्वी पत्र घेऊन आली होती.

“कागद आनलाय म्हनतीस न्हवं? वाच.”

मी कागद उघडला.

“तू नगं,” गंगुबाई मला म्हणाली. “हिला वाचू दे.”

“मना वेळ लागतो वाचायला,” शेवंती म्हणाली.

“लागू दे.”

शेवंती दारात उभी राहिली. कार्बनची अक्षरं पुसट होती, ती ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. ‘गंगुबाईचा हात चुकला नव्हता’ इथवर आली तशी गंगुबाईने तिचा दंड धरला.

“पुन्ना वाच,” ती म्हणाली. “मोट्यानं. त्या टोकाच्या खोलीतलीला ऐकू गेलं न्हाई.”